मांजरानं ओरबाडलं

आमच्या डंकावर उन्हाळ्यात बायकांची रांग लागते आणि रांगेत बसलं की माणसाचं तोंड सुटतं. डंक म्हणजे चटणी कुटायचं यंत्र. लोखंडी उखळात एकामागून एक मुसळं आपटत राहतात, त्याच्या वर आवाज चढवून बायका बोलत राहतात, आणि अलीकडच्या दहाएक वर्षांत सगळ्यांचा विषय एकच असतो. मोबाईलनं पोरं वाया गेली. मोबाईलवर कुणीतरी कुठंतरी काहीतरी अघोरी करतं आणि आमची पोरं ते बघून करतात. "वैशालीताई, तुमच्या वेळी बरं होतं बघा, असलं काय नव्हतंच," असं गेल्या महिन्यात एकीनं मला सांगितलं, तेव्हा माझ्या हातातली चाळण खाली पडायची राहिली. आमच्या वेळी मोबाईल नव्हता हे खरं. फोनसुद्धा आमच्या गल्लीत एकाच घरी होता. पण वेडेपणा करायला फोन लागतो असं कुणी सांगितलं या बायकांना? त्याला एक मैत्रीण पुरते. आम्ही तर तिघी होतो.

मी त्या बाईला काही बोलले नाही. तिची मिरची संपत आली होती आणि मागं सहाजणी खोळंबल्या होत्या. पण तेव्हापासून डोक्यात हे घोळतंय, आणि एकदाचं लिहून टाकलं की सुटेन असं वाटतंय. मुलांनी विचारलं तेव्हाही मी हे अर्धंच सांगितलं होतं. माझी बाजू जरा बरी दिसेल एवढंच.

अकरावीचं वर्ष. दहावी झालेली, बारावी लांब, त्यामुळे घरात कुणी अभ्यासाचं विचारत नव्हतं. आमचे आप्पा साखर कारखान्यात टाईमकीपर. गळीत हंगाम सुरू असला की ते पाळीवर जायचे, घरी आले की जेवून झोपायचे. घर चालायचं ते आईच्या आवाजावर. पुढच्या खोलीत डंक, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. सकाळी नऊला मुसळं सुरू झाली की भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं, फडताळातल्या वाट्या एकमेकींवर वाजायच्या आणि पाणी प्यायला तांब्या उचलला तर पाण्यावर वलयं दिसायची. आम्ही घरात सगळेच ओरडून बोलायचो. पाहुण्यांना वाटायचं, भांडण चाललंय. संकेश्वरी मिरचीचा लाल धुरळा उंबऱ्यापासून देवघरापर्यंत सगळीकडे बसायचा. खोबरं, तीळ, धणे भाजल्याचा खमंग वास आणि त्यात मिरचीचा ठसका, असं ते घर होतं. मी आणि धाकटी बहीण कॉलेज-शाळेतून आलो की आधी शिंकायचो, मग दप्तर ठेवायचो. जेवायला ज्वारीची भाकरी, झुणका किंवा आमटी, आणि ताज्या कुटलेल्या चटणीवर तेलाची धार. ही चटणी मी आयुष्यभर खात आले आणि अजून कंटाळा आलेला नाही. त्या वर्षी मात्र मला तिचा वास नकोसा झाला होता. माझ्या केसांना, वह्यांना, रुमालाला तो वास येतो अशी मला शरम वाटायला लागली होती, आणि त्याचं कारण होती केतकी.

केतकी पुण्याहून आलेली. वडील बँकेत साहेब, बदली होऊन ताराबाई पार्कात भाड्यानं राहायला आले होते. आई पुण्यातच राहिली होती. का राहिली, ते केतकी सांगायची नाही आणि आम्ही विचारायचो नाही. उंच, सावळी, केस खांद्यापर्यंत कापलेले, आणि एप्रिलच्या उन्हातही पूर्ण बाह्यांचा ड्रेस. ती फार बोलायची नाही, म्हणून ती फार हुशार आहे असं आम्ही ठरवून टाकलं. आम्ही म्हणजे मी आणि सुलभा. सुलभा कुरुंदवाडची, शिकायला म्हणून मामाकडे शुक्रवार पेठेत राहिलेली. ठेंगणी, गोरी, सगळ्यांच्या आधी वर्गात येऊन बसणारी. आम्ही दोघी पाचवीपासून एका बाकावर. आमच्यात केतकी आली आणि आमचा बाक तिघींचा झाला.

नक्कल कशी सुरू होते ते मला अजून नीट सांगता येत नाही. सांगता आलं असतं तर त्या रांगेतल्या बायकांना सांगितलं असतं. पहिल्यांदा अक्षर. केतकी अक्षरं डावीकडे झुकवून काढायची. महिन्याभरात माझीही डावीकडे झुकली. मग बोलणं. आम्ही कोल्हापूरच्या पोरी, 'मी आलो, मी गेलो, मी जेवलो' असं बोलण्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. केतकी 'मी आले, मी गेले' म्हणायची. एक दिवस मी घरात शिरताना "आई, मी आले" म्हणाले. आईनं डंक बंद केला आणि माझ्या मागं बघितलं.

"कोण आले?"

"मीच आले."

"मग आलो म्हण की. कुठल्या पावण्या आल्यात असं वाटलं मला."

असल्या घरात राहून मोठं कसं व्हायचं, असा मला तेव्हा प्रश्न पडायचा. आज त्या मुलीला, म्हणजे मलाच, दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटतं.

मग ती दुपार आली. रंकाळ्याच्या कट्ट्यावर आम्ही भेळ खात बसलो होतो. मी काहीतरी रडगाणं लावलं होतं, आई माझ्यावर ओरडते, घरात मला कुणी समजून घेत नाही, असलं. केतकी ऐकत होती. मग तिनं भेळेचा कागद बाजूला ठेवला आणि बाही वर केली. तिच्या हातावर काय होतं, कशानं केलेलं होतं, ते मी इथं लिहिणार नाही. लिहिण्यासारखं त्यात काही नाही. "मला फार वाईट वाटलं की मी असं करते," एवढंच ती म्हणाली आणि बाही खाली घेतली. "कुणाला सांगू नका." आम्ही तिघींनी अंबाबाईची शपथ घेतली. परत येताना सुलभा घाबरली होती. आणि मला काय वाटलं होतं? हे लिहायला हात धजत नाही, पण खरं तेच लिहायचंय. मला हेवा वाटला होता. तिच्याकडे काहीतरी खोल आहे आणि माझ्याकडे नुसता चटणीचा वास आहे, असं वाटलं होतं.

एक मैत्रीण आपल्याला तिची जखम दाखवते. शहाणं माणूस काय करेल? कुणा मोठ्याला सांगेल, निदान तिला विचारेल की बाई, तुला झालंय काय. मी काय केलं, तर चार दिवसांनी घरी कुणी नाही असं बघून तेच केलं. मला सांगायचंय ते एवढंच की त्यानं काहीही झालं नाही. दुःख हलकं झालं नाही, कारण मुळात दुःखच नव्हतं. नुसतं दुखलं, भीती वाटली आणि मग ते लपवायचं एक नवीन काम लागलं. त्यातून घर मिरचीचं. दुसऱ्या दिवशी आईनं देठं खुडायला बसवलं. मिरचीचा धुरळा जिथं जायला नको तिथं गेला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, हाताची आग आग, आणि वरून आई म्हणते, "एवढ्याशा मिरच्यांनी रडालीस व्हय गं?" तेवढ्यात तिची नजर माझ्या मनगटावर गेली.

"हाताला काय झालं?"

"मांजरानं ओरबाडलं."

"आपल्यात मांजर कुठं हाय?"

"जाधवमामींचं."

आईला एवढं पुरे होतं. ती तशीच, पदर खोचून, शेजारच्या जाधवमामींच्या दारात गेली आणि त्यांच्या मांजराच्या सात पिढ्यांचा उद्धार करून आली. जाधवमामीही काही कमी नव्हत्या. दोघींचं बोलणं बंद झालं. मामींनी ते मांजर पोत्यात घालून पंचगंगेपलीकडे सोडून दिलं. गरीब, म्हातारं, एका डोळ्यानं अधू मांजर होतं ते. दिवसभर ऊन खात पडून असायचं, त्यानं उभ्या जन्मात कुणाला ओरबाडलं नसेल. आणि मी खिडकीतून हे सगळं बघत गप्प उभी. एका खोट्यानं दोन घरांचं बोलणं आणि एका मुक्या जिवाचं घर गेलं, तरी मला सोमवारी कॉलेजात जाऊन केतकीला हात दाखवायची घाई होती.

केतकीनं बघितलं. ती खूश होईल असं मला वाटलं होतं. ती पांढरी पडली. "तू कशाला?" एवढंच म्हणाली आणि त्या दिवशी शेवटचा तास सोडून निघून गेली. मला वाटलं, तिला माझा मत्सर वाटला. मूर्खपणाला खरंच काही सीमा नसते. सुलभा मात्र माझा हात बराच वेळ बघत राहिली. तिनं काही विचारलं नाही, आणि तिला विचारावं असं मलाही सुचलं नाही.

पुढं दहाएक दिवसांनी सुलभा कॉलेजला यायची बंद झाली. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी तिच्या मामांच्या घरी गेले. मामी म्हणाल्या, "ताप हाय. मलेरियाबिलेरिया असंल. गोळी दिलीय." सुलभा आतल्या खोलीत चादर गळ्यापर्यंत ओढून पडली होती. मामी चहा टाकायला गेल्यावर तिनं चादर सरकवली. हात कोपरापर्यंत सुजून तट्ट झाला होता. लाल, चकचकीत. नुसतं जवळ हात नेला तरी आच लागत होती. दोन बोटं मिटत नव्हती.

"सुले, हे काय?"

"सांगू नकोस. शपथ हाय."

"अगं पण डॉक्टर..."

"मामा परत पाठवतील मला गावाला. शिक्षण बंद करतील. उतरंल उद्यापर्यंत. सांगू नकोस, वैशे."

आणि मी सांगितलं नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. शनिवारी केतकीला गाठून सांगितलं, तर ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "सांग कुणाला तरी. मला नाही सांगता येणार, तू सांग." तरी मी रविवारपर्यंत थांबले. का? शपथ मोडली तर अंबाबाई कोपेल म्हणून. आप्पा मारतील म्हणून. माझा हात उघडा पडेल म्हणून. आणि सगळ्यात मोठं कारण, मी चुगलखोर ठरेन म्हणून. जीव जायची वेळ आलेल्या मैत्रिणीपेक्षा मला माझं नाव मोठं वाटत होतं, आणि मोठी माणसं नावाला जपतात म्हणून मीच त्यांना नावं ठेवायचे.

रविवारी डंकावर जत्रा. दहा-बारा बायका रांगेत, पोरं रडताहेत, मुसळं धाडधाड आपटताहेत. आई तोंडाला फडकं बांधून उखळात मिरची सारत होती. मी तिच्याजवळ गेले आणि बोलायला लागले. तिला ऐकू येईना.

"आं?"

मी परत सांगितलं.

"मोठ्यानं बोल की! काय कुजबुजालीस?"

मी तोंड तिच्या कानाला लावलं आणि सगळा जीव गोळा करून ओरडले. नेमकी त्याच क्षणी वीज गेली. मुसळं थांबली, आणि त्या गप्प झालेल्या खोलीत माझा आवाज सगळ्या रांगेनं ऐकला. "सुलभानं हात कापून घेतलाय, ती मरालीय, आणि मीपण घेतलाय!"

कुणी शिंकलंसुद्धा नाही. आईनं तोंडावरचं फडकं सोडलं. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बसणार. पण ती फक्त म्हणाली, "कुठं हाय ती?" रांगेतल्या बायकांना "तुमचं तुम्ही बघा" म्हणाली आणि मिरचीनं माखलेल्या लुगड्यानिशी रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली. रिक्षात तिनं माझी बाही वर केली, बघितलं आणि परत खाली केली. "हेच का ते मांजर?" म्हणाली. तो प्रवास दहा मिनिटांचाही नसेल. मला अजून त्यातला प्रत्येक खड्डा आठवतो.

सुलभाच्या मामांना पटेना. आई थेट आत गेली, चादर ओढली, हात बघितला आणि सुलभाला उचलूनच घेतलं. सरकारी दवाखान्यात तिला लगेच आत नेलं. विष हातभर पसरलं होतं, चिरा देऊन पू काढावा लागला. तिथल्या डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या की आणखी एक दिवस गेला असता तर हात ठेवता आला नसता, आणि मुलगी तरी राहिली असती की नाही ते सांगता येत नाही. मामा कोपऱ्यात आईला सांगत होते, "काच लागली म्हणायचं. पडली आणि काच लागली. लग्नाची पोरगी हाय, वैनी."

"पोरगी राहिली तर लगीन," आई म्हणाली. "डॉक्टरणीला खरं सांगा, न्हायतर मी सांगतो." आणि मामा बोलेनात तेव्हा तिनंच सांगितलं.

चौथ्या दिवशी मला तिला भेटू दिलं. खाटेवर ती आणखीच लहान दिसत होती. हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून उशीवर ठेवलेला. तोवर मी आईला केतकीचंही सांगून टाकलं होतं आणि घरोघरी निकाल लागला होता की पुण्याची केतकी वाईट, तिनं आमच्या साध्या पोरी नासवल्या. मलाही तो निकाल सोयीचा होता. मी सुलभाला म्हणाले, "त्या केतकीच्या नादानं झालं सगळं."

"केतकीच्या नादानं न्हाय," ती म्हणाली. "केतकीचं बघून मला भ्याच वाटलं होतं. ती निराळी. मोठ्या घरातली, पुण्याची, तिचं काहीतरी वेगळंच असणार म्हणून मी सोडून दिलं. तू केलंस तेव्हा वाटलं, वैशी करती म्हणजे करायचंच असतंय. तू आमच्यातलीच न्हवं. मी एकटी राहिलो असतो."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती गणिताचं उत्तर सांगावं तशी सांगत होती. दवाखान्याच्या त्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरची म्हातारी संत्रं सोलत होती, तिनं मला दोन फोडी दिल्या आणि मी त्या हातात धरून उभी राहिले. आज मुलांच्या संगतीबद्दल कुणी बोलायला लागलं की मला तिचं बोलणं आठवतं. आम्ही सगळे बाहेरून आलेल्या वाईट पोरावर नजर ठेवतो. पण पोरं निराळ्याचं बघून थबकतात, आपल्यासारख्याचं बघून पाऊल टाकतात.

त्याच संध्याकाळी आई मला घेऊन ताराबाई पार्कात गेली. ती भांडायलाच निघाली होती, तिच्या चालण्यावरून कळत होतं. दार केतकीच्या वडिलांनी उघडलं. चष्मा, स्वच्छ पांढरा सदरा, हातात पेपर. घरात एवढी शांतता होती की घड्याळ ऐकू येत होतं. आमच्या घरात मी कधी घड्याळ ऐकलं नव्हतं.

"तुमच्या पोरीला बोलवा," आई म्हणाली. "आमच्या पोरी दवाखान्यात पोचवल्यात तिनं."

केतकी आतून आली आणि उभी राहिली. आईनं तिचं मनगट धरलं आणि बाही सरकन वर केली. मग आईचा हात थांबला. माझ्या हातावर जे होतं ते पोरखेळ वाटावं असं तिथं होतं. नव्यावर जुनं, जुन्यावर त्याहून जुनं.

"किती दिवसांपास्नं?"

"आठवीपासून," केतकी म्हणाली.

"आठवीपासून?" हे तिचे वडील म्हणाले. पेपर त्यांच्या हातात तसाच होता.

मी आईकडे बघत होते. भांडायला निघालेली ती बाई, मिरची कुटून राठ झालेल्या तिच्या बोटांनी केतकीची बाही हळूहळू खाली आणत होती, कापड कुठं घासू नये म्हणून जपून. "लई दुखतंय का गं बाळ?" ती म्हणाली. हातावरचं ती विचारत नव्हती, एवढं मलाही कळलं.

"हो," केतकी म्हणाली. इतक्या दिवसांत कुणी तिला ते विचारलं नसावं. मी तरी विचारलं नव्हतं. मग ती रडायला लागली, आवाज न करता, घड्याळाचीही झोपमोड होऊ नये तशी. आई तिला धरून उभी राहिली आणि तिच्या डोक्यावरून वडिलांना म्हणाली, "साहेब, तो पेपर ठेवा खाली. ठेवा आधी."

साहेबांनी पेपर ठेवला. दुसऱ्या दिवशी ते आमच्या डंकावर आले, शिंकत शिंकत, आणि डॉक्टरीणबाईंचा पत्ता घेऊन गेले. बाईंनी केतकीला मिरजेला मनाच्या आजाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ती लगेच बरी झाली असं मी लिहिणार नाही, कारण ते खरं नाही. कितीतरी वर्षं ती बरी होत होती, परत पडत होती, परत उठत होती. पुढच्या वर्षी ते लोक पुण्याला परत गेले. मी सगळं उघड केलं म्हणून दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. मग एकदा चार ओळींचं पत्र आलं, अक्षर डावीकडे झुकलेलं. आज ती तिथं लहान मुलांची डोळ्यांची डॉक्टर आहे आणि दिवाळीत आमच्याकडची चटणी मागवते. तिचं दुखणं खरं होतं. आजार होता तो, आणि त्याला औषध होतं, माणसं होती. मी त्या दुखण्याची नक्कल केली होती, अक्षराची केली तशी. आणि माझ्या नकलेची नक्कल सुलभानं केली.

आईनं मला मारलं नाही. तिनं मला जाधवमामींच्या दारात नेलं आणि सगळं माझ्या तोंडानं सांगायला लावलं. मार परवडला असता. मामींनी ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "आणि माझं मांजर?" दोघी बायका दुसऱ्या दिवशी पंचगंगेपलीकडे जाऊन आल्या. मांजर मिळालं नाही.

आणि सुलभाला भीती होती तेच झालं. हात वाचला, दोन बोटं मात्र नीट मिटेनात, आणि मामांनी तिला कुरुंदवाडला पोचवून दिलं. आई दोनदा जाऊन भांडली, तरी तिचं कॉलेज बंद ते बंदच. वर्गातली सगळ्यात अभ्यासू मुलगी ती. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. मी लग्नाला गेले होते, अक्षता टाकल्या आणि तिच्यासमोर न जाता परत आले. त्यानंतर कितीतरी वर्षं कुरुंदवाडची एसटी स्टँडवर लागलेली दिसली की मी तोंड फिरवायचे.

आई गेली त्या वर्षी मी त्या एसटीत बसले. सुलभाचं घर विचारत गेले तर रस्त्यावरच्या एका पोरानं विचारलं, "कोण, बाई व्हय? शाळंच्या?" तिनं पोरं झाल्यावर घरात बसून बाहेरून परीक्षा दिल्या होत्या, मोडक्या बोटांनी पेपर लिहिले होते आणि प्राथमिक शाळेत लागली होती. अंगणात वह्या तपासत बसली होती. केस पांढरे झालेले, पण बसायची तऱ्हा तीच, सगळ्यांच्या आधी येऊन बसल्यासारखी. मी आत गेले आणि चप्पल काढायच्या आधी बोलायला सुरुवात केली. तीस वर्षं पाठ केलेलं होतं. माझ्यामुळं तुझं शिक्षण गेलं, मी तीन दिवस गप्प बसले, मला माफ कर. असं बरंच.

तिनं सगळं ऐकून घेतलं. हातातली वही पुरी तपासली, सही केली.

"झालं?"

"झालं."

"मग ऐक. माफबिफ काय मी केलेलं न्हाय तुला. मधनंमधनं लई राग येतोय, आजसुदीक येतोय." तिनं वह्यांचा गठ्ठा उचलून कोनाड्यात ठेवला. "आता हातपाय धू. वांग्याची भाजी केलीय, भाकरी गरम हाय. जेवायला बस."

मी हातपाय धुतले आणि जेवायला बसले.